ठकू, चिमा, राही, सोना

“ह्यावर काय लिहिलंय, वाच की,” डोक्यावरचं नारळांचं पोतं खाली ठेवत मालन म्हणाली.

देवासच्या टेकडीच्या पायथ्याशी, दोन्ही मातांच्या देवळांकडे जाणाऱ्या पायऱ्यांजवळ, नवा इतिहासफलक रंगत होता. मालन तीस वर्षं पायथ्यापासून वरच्या दुकानांपर्यंत ओझी वाहत होती. तिला अक्षरओळख नव्हती.

“पायऱ्या महाराजांनी बांधल्या, असं लिहिलंय,” विहंग म्हणाला. तो ठेकेदाराचा माणूस; फलकाचं काम आणि ओझी वाहणाऱ्या बाया, दोन्ही तोच बघायचा. घराणं जुन्या दरबारातलं, शाळा हिंदी.

“त्यांनी हुकूम दिला. दगड माझ्या पणजीनं वाहिले. ठकू तिचं नाव. सोबत चिमा, राही, सोना. राही तर इथंच दगडाखाली मेली. घट बसले की आम्ही त्या चौघींची नावं घेतो अजून.”

“इतिहास में ऐसं नाही लिहत, मावशी. प्रूफ पाहिजे.”

“पायरीवर उभा आहेस ना, भिया? तेच.”

विहंग जेवायला गेला, तेव्हा फलक रंगवणाऱ्या गणपतने हळूच विचारलं, “ठकू ऱ्हस्व का दीर्घ?”

“ते मला नाही कळत. ठळक लिही.”

परतल्यावर विहंगने फलकाच्या तळाशी चार नावांची नवी ओळ पाहिली. त्याने त्यावर पांढरा रंग फासला आणि मालनला सांगितलं, “कल से तुमचं काम बंद. सामान दुसऱ्या बाया नेतील.”

सकाळी दुसऱ्या बाया आल्या, पण पहिल्या पायरीवर मालनशेजारी बसून राहिल्या. पाण्याचे डबे, फुलांच्या पाट्या, सगळं खालीच. दुपारपर्यंत वरच्या दुकानांत नारळ संपले. दुकानदार विहंगला फोन करू लागले.

तो खाली आला. “ठीक आहे, मावशी. काम चालू करा.”

“कामाचं नंतर बघू. आधी नावं लिही. तूच लिही.”

गणपतने त्याच्यापुढे ब्रश धरला. विहंगने तो घेतला. फलकापुढे बसला. अक्षरं वाकडी आली, सोनाचा काना खाली ओघळला.

मालन फलकाजवळ गेली. चारही नावांकडे बराच वेळ बघत राहिली.

“ह्यातली राही कोणती?”

विहंगने बोट दाखवलं. मालनने पदर डोक्यावर ओढून घेतला, त्या अक्षरांना हात जोडले. मग पोतं उचललं आणि पायऱ्या चढू लागली.