तिसऱ्या हाकेनंतर

मालकाने चौथा कोच हाकलला त्या आठवड्यात भोंग्याने जाहीर केलं, आता बस झालं. भोंगा म्हणजे गॅरेजमध्ये गाड्यांचे चेपलेले पत्रे ठोकून सरळ करणारा माणूस. दिवसभर हातोड्याच्या वरताण बोलायची सवय, त्यामुळे त्याची कुजबुजही गल्लीच्या टोकाला ऐकू जायची. त्याचं खरं नाव फक्त बँकेला माहीत होतं.

त्याचा बेत साधा होता. शनिवारी मॅचला सगळ्यांनी यायचं, पण आत जायचं नाही. मैदानामागच्या भिंतीला लागून रस्त्यावर उभं राहायचं आणि तोंडाला कुलूप लावायचं. स्टँड ओस पडला आणि मैदान मुकं झालं, की टाइल्सवाल्याला कळेल, क्लब विकत घेतला म्हणून माणसं विकत मिळत नाहीत.

टाइल्सवाला म्हणजे नवा मालक. बाथरूमच्या टाइल्स विकून गब्बर झालेला. क्लब घेतला तेव्हा हात जोडून म्हणाला होता, 'मी मालक नाही, तुमच्यातलाच एक.' आणि मग जुन्या कोचला, ज्याने ह्या क्लबला धुळीतून वर काढलं होतं, त्याला फोनवर दोन ओळी पाठवून घरी बसवलं.

शनिवारी शंभरेक माणसं भिंतीशी जमली. पण गप्प बसणं ही काही फुटबॉल बघणाऱ्यांच्या रक्तातली गोष्ट नव्हे. पाच मिनिटांत कुलूप निघालं.

"गोलकीपर विकला, म्हणे क्लबमध्ये पैसा घालायला," औषधांचा दुकानदार तणतणला. "कुठे घातला? खुर्च्यांना रंग दिला!"

"कोचचंही चुकलंच की," रिटायर झालेले मास्तर म्हणाले. मास्तरांना प्रत्येक भांडणात दुसरी बाजू सापडायची, म्हणून त्यांना कोणी वाढदिवसालाही बोलवत नसे. "बचावात तीनच माणसं ठेवली त्याने."

"अहो मास्तर, चौथा आणणार कुठून? तो पण विकला ना!"

"आणि आता क्लबच विकायला काढलाय म्हणतात," कोणीतरी मागून म्हणालं. "आज गिऱ्हाईकं आलीत बघायला. आत काचेच्या खोलीत बसवलंय त्यांना."

भोंग्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "विकू दे ना! ओस पडलेलं मैदान विकू दे! बघू कोण घेतं ते!"

त्याच्या शेजारी वहिनी उभी होती, नवऱ्याची, म्हणजे दादाची, जुनी टोपी घालून. ती हॉस्पिटलच्या धुलाईघरात कामाला होती. आयुष्यभर तिने ह्या क्लबचा सवतीसारखा राग केला, कारण तिच्या नवऱ्याचे सगळे शनिवार त्याने खाल्ले. दादा जाऊन दीड वर्ष झालं. आता शनिवारी तिला घर खायला उठायचं, म्हणून आज ती आपणहून आली होती.

दादा म्हणजे ह्या स्टँडची हाक होता. तो कठड्यावर चढून विचारायचा, 'मैदान कोणाचं?' आणि हजारो माणसं उत्तर द्यायची, 'आपलं!' 'रंग कोणाचा?' 'आपला!' 'क्लब कोणाचा?' 'आपला!' तिसऱ्या हाकेनंतर दादाला हमखास खोकला यायचा आणि सगळा स्टँड हसायचा. तो गेला तशी ती हाकही गेली. भोंग्याचा आवाज मोठा, पण त्याला उत्तर द्यायचीच सवय. हाक द्यायला तोंडच उघडायचं नाही.

ती हाक एकदा भोंग्याने फोनवर रेकॉर्ड केली होती. दादा गेल्यावर श्रद्धांजलीसाठी ती त्यानेच क्लबला दिली, मैदानात ऐकवली, लोक ढसाढसा रडले. पुढे तो फोन गॅरेजमध्ये पाण्याच्या बादलीत पडला आणि कायमचा मेला. घरात दादाचे फोटो ढीगभर, पण आवाज कुठेच नाही. 'भाऊजी, क्लबकडून तेवढं आणा हो,' एवढंच वहिनीने मागितलं होतं. भोंगा नव्या ऑफिसात खेटे घालून दमला. तिथल्या टायवाल्याने दर वेळी तोंडाला पानं पुसली. 'जुनं सगळं पुसून टाकलंय, सॉरी.'

आत शिट्टी वाजली, मॅच सुरू झाली, आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"मैदान कोणाचं?"

"आपलं!" हजारो घसे गरजले.

भिंतीबाहेरच्यांची तोंडं उघडीच राहिली. "फितूर झाले साले!" औषधवाला ओरडला. "कोण कोण गेलंय आत? नावं सांगा!"

"रंग कोणाचा?" "आपला!" "क्लब कोणाचा?" "आपला!"

आणि मग खोकला.

वहिनीने भोंग्याचा दंड घट्ट धरला. कोणाला काही सांगावं लागलं नाही. आत माणसं नव्हती, आत लाउडस्पीकर होते. काचेच्या खोलीतल्या गिऱ्हाइकांच्या डोळ्यात धूळ फेकायला टाइल्सवाल्याने मेलेल्या माणसाला कामाला लावलं होतं. वर पुसून टाकलंय म्हणून सांगितलं होतं!

"भाऊजी," वहिनी म्हणाली, "तो आवाज घेतल्याशिवाय येऊ नका."

भोंग्याने खिडकीवर जाऊन तिकीट काढलं. ज्याने बहिष्कार पुकारला त्यानेच पहिलं तिकीट काढलेलं बघून मास्तरसुद्धा गप्प झाले.

आत तुरळक टाळकी होती, तीही फुकट पास मिळालेली. भोंगा तडक स्टँडखालच्या साउंडच्या खोलीत घुसला. यंत्रापाशी एक माणूस कानाला हेडफोन लावून बसला होता आणि त्याच्या मागे तोच तो टायवाला.

"पुसलं होतं ना? काय रे, पुसलं होतं ना?" भोंगा टेबलावर मूठ आपटून गरजला. यंत्रापाशी बसलेला खुर्चीसकट मागे सरकला.

टायवाला मात्र बिलंदर. त्याने आधी दार लोटलं, मग पाणी पुढे केलं. "सापडलं नंतर. हे बघा, तुम्हाला कॉपी हवी, आम्हाला स्टँड भरलेला हवा. बाहेर तुमची शंभर माणसं आहेत. एक फोन करा. हाफटाइमनंतर सगळे आत दिसले पाहिजेत. लगेच कॉपी तुमच्या हातात देतो."

"आणि नाही केला तर?"

"तर मग खरंच पुसतो. आमचीच आहे ती. क्लबबरोबर सगळं सामान घेतलंय साहेबांनी."

सामान! भोंग्याचा हात उठलाच होता, पण वहिनीचं तोंड डोळ्यापुढे आलं आणि त्याने तो खाली घेतला. मूग गिळून तो बाहेर आला आणि दादा चढायचा त्या कठड्यापाशी जाऊन उभा राहिला. समोर उंचावर काचेच्या खोलीत टाइल्सवाला पाहुण्यांना हात करून काहीतरी दाखवत होता. भोंग्याने फोन काढला. औषधवाल्याला लावायचा होता. बोट वहिनीच्या नंबरवर गेलं.

"मिळतोय वहिनी," तो म्हणाला. "पण टायवाला म्हणतो, सगळ्यांना आत बोलवा. गर्दी दिसली की क्लब विकायला सोपं. नाहीतर पुसणार."

पलीकडून भिंतीशी चाललेला गलका ऐकू आला.

"वहिनी, तुम्ही म्हणाल ते. बोलवतो सगळ्यांना. माझी नाचक्की होईल, होऊ दे."

"म्हणजे ह्यांच्याच तोंडाने ह्यांचाच क्लब विकणार ते लोक?" वहिनी म्हणाली. "आणि मी तो आवाज घरी नेऊन ऐकत बसू? ऐकवेल मला?"

"मग काय करू?"

"तुमचा एवढा मोठा आवाज काय फक्त जेवायला मागायला आहे का?" ती रागाने रडत होती. "ओरडा!"

तेवढ्यात स्पीकर खरखरले.

"मैदान कोणाचं?" दादाने विचारलं.

रेकॉर्डमधल्या हजारो माणसांनी तोंड उघडायच्या आत भोंग्याने काचेच्या खोलीकडे बोट रोखलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "तुझं नाही!"

"आपलं!" मागून रेकॉर्ड गरजलं.

मैदानावरचे खेळाडू थबकले. चेंडू आपला आपणच घरंगळत लाइनबाहेर गेला.

"रंग कोणाचा?"

"तुझा नाही!" ह्या वेळी भिंतीपलीकडून शंभर घसे त्याच्याबरोबर होते. फुकट पासवालेही उठून उभे राहिले. काचेच्या खोलीतला एक पाहुणा टाइल्सवाल्याकडे वळून काहीतरी विचारू लागला आणि टाइल्सवाला खोलीतल्या फोनवर हातवारे करून किंचाळू लागला.

भोंग्याने खाली साउंडच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं. टायवाल्याने यंत्रवाल्याला बाजूला ढकललं होतं आणि तो स्वतः यंत्रावर वाकला होता.

"क्लब को—"

आणि मैदान मुकं झालं. अर्ध्या शब्दात तोडलं त्याला. भोंगा तसाच तोंड उघडं टाकून उभा राहिला, खोकल्याची वाट बघत. खोकला आला नाही. भडव्यांनी माणसाला त्याचा खोकलासुद्धा पुरा करू दिला नाही, ह्या विचाराने त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. हाक पुरी करायला त्याने तोंड हलवलं, पण नेहमीप्रमाणेच हाकेला आवाज फुटला नाही.

फोन कानाशीच होता. "पुसलं का?" वहिनीने विचारलं.

"हो वहिनी."

फोन कट झाला. मग भिंतीपलीकडून एक आवाज आला. चिरका, जन्मात कधी मैदानात न ओरडलेला, रागाने फाटलेला बाईचा आवाज.

"क्लब कोणाचा?"

भोंग्याने सगळा जीव घशात आणून उत्तर दिलं.