डोळ्याखालचे सात दाणे

मपल्या हाताला गुण हाय असं सारं गाव म्हणायचं. चामखीळ असली की बाया केजपासून माझ्या दारात यायच्या. ओला चुना अन् धुण्याचा सोडा सारख्याच मापात घ्यायचा, रातभर झाकून ठेवायचा, सकाळी काडीच्या टोकानं चामखिळीवर टेकवायचा. लई चुरचुरतं. दिवस मावळस्तोवर पाण्याचा हात लावायचा न्हाई. आठ दिसांत खपली गळून पडते अन् खाली कातडी साफ. मी तीस वर्षं हेच केलं अन् तीस वर्षं छबुबाई, छबुबाई करून घेतलं. खोटं कावून बोलू, मला ते लई आवडायचं.

वैष्णवी मपल्या धाकट्या भावाची, आश्रुबाची पोरगी. आश्रुबा अन् त्याची बायको सुनिता दसरा झाला की कड्याच्या कारखान्यावर ऊसतोडीला जायचे, ते पाडव्याला माघारी. पोरगी सहा महिने मपल्याजवळ. तिनं पोलीस भरतीचं मनावर घेतलं. पहाटं उठून फाट्यापस्तोर पळायची, माघारी येऊन शिळी भाकर खायची अन् पुस्तक घेऊन बसायची. ग्राउंड निघालं, लेखी निघाली, यादीत नाव आलं. राहिली व्हती फकस्त मेडिकल. आश्रुबा फडातून फोनवर म्हणला, "अक्का, पोरगी वर्दीत आली की आमचा कोयता सुटला बघ." म्हणला अन् रडला येडा. मीबी रडले.

पोरीच्या उजव्या डोळ्याखाली पांढरे दाणे व्हते, सात. राजगिऱ्याएवढे, टणक. दुखत न्हवते, खाजत न्हवते. पण तिच्यासंगच्या एका पोरीनं सांगितलं, की तोंडावर काही असलं तर मेडिकलला काढतेत. झालं! पोरगी दिसभर आरसा घेऊन बसायला लागली. शेवटी केजला जाऊन डॉक्टरला दाखवून आली.

"काय म्हणला?" मी इचारलं.

"कायीच न्हाई म्हणले. कातडीखाली मळासारखं साचतं, त्याचे दाणे व्हतेत. त्याच्यावरून कुणी भरतीतून काढत न्हाई. काढायचेच असले तर बीडला कातडीचा डॉक्टर सुईनं काढील, पण घरी कायी लावू नका, डोळा जवळ हाय, म्हणले."

"सुईनं?" मला लईच राग आला. "कालचं पोरगं ते डॉक्टर! अन् मी घरात कशाला हाय? पाट्यावर मसाला वाटायला?"

"आत्या, डोळ्याजवळ हायत गं."

"डोळ्याजवळच्या चामखिळी काय मी काढल्या न्हाईत? कडूबाईची पापणीवरची कुणी काढली?"

तिनं आरसा ठेवून दिला. ल्हानपणापासून मी सांगितलेलं ऐकत आलेली पोरगी. मेडिकलला बारा दिस व्हते. आठ दिसांत खपली पडणार, चार दिस वर. मीच हिशेब लावला अन् मीच खूश झाले.

दुसऱ्या दिशी न्याहारी झाल्यावर तिला अंगणात उजेडाला बसवलं. मान मपल्या मांडीवर. एकेक दाण्याचं तोंड सुईनं उकरलं अन् काडीनं चुना टेकवला. पोरीनं दात आवळले, पण हू न्हाई की चू न्हाई. सहा झाले. सातवा पार पापणीच्या काठाला व्हता. मी काडी टेकवली अन् तिच्या डोळ्याला पाणी सुटलं. तिनं डोळा गच्च मिटला, उघडला, परत मिटला. चुना आत गेला.

अशी वरडली, की शेजारची म्हस दावं वढायला लागली. उठून तशीच माठाकडं धावली. माठ कुठं लांब व्हता? दारातच. तिनं तांब्या आत बुडवलाबी.

मी तिचा हात धरला.

का धरला ते ऐका. आमी ल्हान असताना आमच्या बापानं भिंतीला लावायला कळीचा चुना आणायचा. त्याच्यावर पाणी वतलं की रांजण कसा खदखदायचा, ते मी बघितलेलं. धाकट्या चुलत्याचा हात त्याच्यात पोळला, तो तसाच वाकडा राहिला. चुन्याला पाणी लागलं की चुना उकळतो, एवढं एकच मपल्या डोक्यात. "पाणी नको गं बाई, डोळा उकळंल!" म्हणून मी तांब्या हिसकून भुईला वतला. तंबाखूच्या चुन्यानं तोंड पोळलं तर आमी तूप लावतो. मी तिच्या डोळ्यात तूप घातलं अन् पदरानं डोळा बांधला.

"आत्या, पाणी दे गं," ती म्हणत व्हती. "आत्या, थोडं तरी दे." मी न्हाईच दिलं.

केजला जाणारी शहादेवची जीप अजून माणसांनी भरायची व्हती. त्याच्या हातापाया पडले, तव्हा रिकामीच निघाली. तरी केजला पोचायला तास गेला. डॉक्टर तोच. पदर सोडला, बघितलं अन् तो वरडला, "मावशी, पाणी वतलं का लगेच? चुना गेला की धुवायचा, धुवायचा अन् धुवायचा! वतलं का न्हाई?"

"वतलं," मी म्हणले.

 वैष्णवी बाकावर पडली व्हती, दुसरा डोळा उघडा व्हता. त्या डोळ्यानं मपल्याकडं बघितलं अन् मान फिरवली. डॉक्टरनं सलाइनची बाटली लावून डोळा धुतला, मग मोठ्या दवाखान्यात धाडलं. तिथं महिना काढला. बुबुळ पांढरं पडलं ते पडलंच.

दाणे मात्र गेले. सातच्या सात. खपल्या पडल्या, खाली कातडी कशी नितळ! आग लागो मपल्या गुणाला.

मेडिकलच्या दिशी ती खाटेवर पडून व्हती. मुकादमानं मधी फड सोडू दिला न्हाई, आश्रुबा पाडव्यालाच आला. मला एक वाकडा शब्द बोलला न्हाई. चार शिव्या दिल्या असत्या, चप्पल हाणली असती, तर बरं झालं असतं. उलट म्हणतो कसा, "अक्का, तू तर पाणी वतलंस ना, मग नशीबच खोटं." मी मान हलवली. खरं सांगायला तोंड उघडलंच न्हाई, अजून उघडलं न्हाई.

वैशाखात तिचं लगीन लावलं. नवरा मुंजाजी, त्याची पहिली बायको वारलेली, अन् ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. एका डोळ्याच्या पोरीला दुसरं कोण इचारणार? परवा त्यांचा ट्रक गावातून निघाला. सरपणावर बोचकी, बोचक्यावर माणसं. आश्रुबा अन् सुनिताबी त्याच्यातच. ट्रक थांबवून ती मपल्या दारात आली. हातात नवा कोयता, डोईवर पदर, एक डोळा पांढरा.

"आत्या, पाणी दे."

मी तांब्या भरून दिला.  तिनं पाणी पिलं, उरलेलं चुळकाभर वंजळीत घेऊन त्या डोळ्यावर मारलं अन् तांब्या माठावर ठेवला.

"त्या दिशीबी माठ इथंच व्हता," ती म्हणली अन् ट्रककडं गेली.