रूपलीबाईचा निळा पंप

मित्रांनो, पंप म्हटलं की तुम्हाला विहिरीवरचा नाहीतर सायकलचा आठवेल. मी त्यांच्यातला नव्हे. मी दम्याचा जुना निळा पंप आहे, मुठीत मावेन एवढा. कारखान्यात माझ्या डबीत औषध भरलं, वरून प्लास्टिक चढवलं आणि मी नंदुरबारच्या रूपलीबाईच्या पदरी पडलो.

रूपलीबाई मिरचीच्या पथारीवर कामाला. पथारी म्हणजे लाल मिरच्या वाळवायचं मैदान. बायका दिवसभर तिथे देठ खुडतात आणि खकाणा नाकातोंडात जातो. छातीत शिट्ट्या वाजायला लागल्या की रूपलीबाई मला पोलक्यातून काढायची, हलवायची, श्वास पुरता सोडून मला ओठांत धरायची आणि दाबायची. माझं औषध थेट फुप्फुसात उतरायचं. तिचे खांदे सैल पडायचे. मला तेव्हा उगाच मोठं झाल्यासारखं वाटायचं.

पण रूपलीबाईने आजवर एकटीने काही खाल्लेलं नाही, मग औषध तरी एकटी कशी घेणार? शेजारी देठ खुडणारी कमलीबाई खोकली की ती मला पुढे करायची.

"ले वं कमली, ओढ."

"आनि तुले?"

"मी काय एकलीच खोकस का? ओढ."

तंबाखूची पुडी फिरावी तसा मी फिरलो. जिला सर्दी तीही ओढे, जिला गंमत तीही. उष्टं कुणी मानलं नाही. सगळ्या मला दुवा देत आणि माझ्या पोटातलं औषध आटत होतं.

माझी एक खोड आहे, मित्रांनो. औषध संपलं तरी आत थोडा वायू उरतो. दाबलं की आवाज तोच, गारवा तोच. मी रिकामा झालो ते मला एकट्यालाच ठाऊक होतं. मला वाजता येतं, बोलता येत नाही.

एका दुपारी मिरच्यांचा ढीग उलटवताना खकाणा उसळला आणि रूपलीबाईचा दम कोंडला. तिने मला दाबलं. फुस्स. पुन्हा दाबलं. फुस्स.

"पंप लिधा ना? मंग बस जराशी," कमलीबाई म्हणाली, आणि सगळ्या परत देठ खुडायला लागल्या. मी तिच्या हातात नसतो तर त्यांनी तिला केव्हाच उचललं असतं. तिचे ओठ निळे पडले तेव्हा कुठे मिरचीच्या टेम्पोला हाक गेली.

दवाखान्यात तोंडाला मास्क लावला, वाफेतून औषध दिलं. रूपलीबाई वाचली.

"मावशी, हा रिकामा आहे," सिस्टर म्हणाली.

"पन वाजस ना तो."

नवा पंप मिळाला. मला मात्र फेकवेना तिला. "कितला दिन कामले उना बिचारा," म्हणत तिने मला कुडाच्या खिळ्याला टांगलं.

आज ती बाजारला गेली आणि कमलीबाई खोकत आली. तिने मला काढलं, पदराने पुसलं, ओढलं.

"बरं वाटनं," ती म्हणाली आणि मला कमरेला खोचून पथारीवर निघाली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असं तुम्हाला सगळे सांगतात. मला जपू नका. तुमच्या घरात माझ्यासारखा कुणी असेल तर त्यात औषध आहे का ते विचारून घ्या, नसेल तर फेकून द्या. आणि पथारीवर कुणी जाणार असाल तर जरा घाई करा. कमलीबाईने ढीग उलटवायला घेतला आहे.