मनुबाई बसली ती रिक्षा

मित्रांनो, माथेरानच्या बाजारामागे पत्र्याच्या शेडमध्ये माणसांनी ओढायची एक जुनी रिक्षा उभी आहे. ती मी. माझी लोखंडी चाकं गंजली, पण लाकूड अजून खणखणीत आहे. मुरुडच्या इसहाक मिस्त्रींनी ते जोडलं. ते मूळचे मचवे बांधणारे. "समुद्रात टिकतं ते डोंगरावर का टिकणार नाही?" असं म्हणत त्यांनी मला होडीसारखाच बाक दिला.

आमचं गाव छोटं, पण त्याचा तोरा मोठा. एका इंग्रज कलेक्टरने हा डोंगर शोधला म्हणतात. त्याच्या आधीपासून इथे ठाकर, धनगर, कातकरी राहत होतेच! मग साहेबांचे बंगले आले, पॉइंटांना इंग्रजी नावं मिळाली, नेरळहून छोटी आगगाडी वर आली. मोटारीला मात्र गावात मज्जाव. त्यामुळे इथल्या लाल वाटांवर एकतर घोडा, नाहीतर मी.

मी एका साहेबाच्या बंगल्याची होते. कोंडाजी मला पुढून ओढी, दोघंजण मागून ढकलत. कोंडाजीची बायको मनुबाई नेरळहून डोक्यावर सामान आणी. वाटेत भेटली की कडेला सरून ती मला जागा देई. माझ्यात बसायचं तिच्या मनातही कधी आलं नव्हतं.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात साहेब विलायतेला गेले. बंगल्यातल्या माझ्या शेडची चावी राहिली येसाजी माळ्याकडे. पावसाळ्यात माथेरान रिकामं होतं. गाडी बंद, घोडे खाली, बंगल्यांना कुलपं. उरतात ती फक्त इथली माणसं. म्हणून पंधरा ऑगस्टला आमच्याकडे एकही पाहुणा नव्हता.

आणि झेंडाही नव्हता! तो नेरळच्या शिंप्याकडे शिवायला दिला होता आणि पाऊस हटेना. आदल्या दिवशी मनुबाई तो आणायला घाट उतरली. सकाळी सगळे बाजारात वाट बघत असताना मुश्ताक घोडेवाला घाटातून धावत आला.

"कोंडाजी, मनुभाभी दस्तुरीखालच्या वळणावर पडल्यात. उभं राहवत नाही त्यांना."

कोंडाजीनं थेट येसाजीला गाठलं. "शेड उघड."

"साहेबांची रिक्षा हाय ती. त्यांनी इचारलं तर काय सांगू?"

"सांग, गावाला लागली म्हणून नेली," मुश्ताक म्हणाला.

येसाजी थोडा घुटमळला. मग त्यानं कुलूप काढलं आणि स्वतःच मला मागून हात लावून निघाला.

मनुबाई इरलं पांघरून दगडावर बसली होती. पाय टम्म सुजला होता. छातीशी मेणकापडाची गुंडाळी होती.

"पायाचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ह्ये कोरडं हाय का बघा आधी."

आतला झेंडा कोरडा होता.

"दे, मी पळत नेतो. लोक खोळंबलेत," येसाजी म्हणाला.

"खोळंबू देत," कोंडाजी म्हणाला. "जिनं आणला तिच्या हातनंच जाईल. मनू, बस रिक्षात."

"मी न्हाय बसायची. गादी चिखलानं भरंल."

"भरू दे!"

ती अगदी कडेला, अंग चोरून बसली. निम्म्या वाटेवर माझं एक चाक चिखलात रुतलं आणि मी कलंडले. आधाराला धरायचं सोडून मनुबाईनं ती गुंडाळी दोन्ही हातांनी डोक्यावर उचलली. इसहाक मिस्त्रींचं लाकूड करकरलं, पण तुटलं नाही. तेवढ्यात धुक्यातून बाजारातली माणसं धावत आली. वाणी, भिस्ती, हमाल, सगळ्यांचे हात मला लागले आणि मी निघाले.

बाजारात पोहोचलो तेव्हा लोक कडेला सरले. मनुबाईनं आपल्या हातानं झेंडा दिला आणि ठरल्याप्रमाणे म्हाताऱ्या वाण्यानं दोरी ओढली. झेंडा वर गेला आणि धुक्यात दिसेनासा झाला. तरी सगळे माना वर करून बघत राहिले.

"लागला का वर?" मनुबाईनं विचारलं.

"लागला," कोंडाजी म्हणाला.

मित्रांनो, मी पुष्कळ बड्या लोकांना नेलं होतं. पण तेव्हाइतकी ताठ मी कधीच उभी राहिले नव्हते.

मनुबाईचा पाय बरा झाला. जराशी लंगडत ती पुन्हा घाट चढू लागली. बंगल्याचं हॉटेल झालं. मग माझ्यात गिरणीकामगार बसले, मास्तर बसले, नवी नवरी बसली. पुढे रबरी चाकांच्या रिक्षा आल्या आणि मला या शेडमध्ये ढकललं. कोणी पुसत नाही. सहलीची मुलं तेवढी अंगाखांद्यावर चढतात.

चढा, मला आवडतं! पण बाहेर एखाद्या रिक्षात बसलात आणि चढ लागला, तर ओढणाऱ्याच्या पाठीकडे एकदा बघा. त्याला धाप लागली असेल तर खाली उतरा. चार पावलं चाला. मला कोणी पुसलं नाही तरी चालेल. आणि खरं सांगू? आमचं गाव पायीच बघण्यासारखं आहे.