अर्थाची वायर

पेणच्या एसटी स्टँडमागे टपरी टाकून गाड्यांचं वायरिंग करणारा रघू हाताचा पक्का, पण मनाचा अगदीच भोळासांब. राहायला रोह्याला. पहाटे निघायचं ते दिवेलागणीनंतर परतायचं. बायको हौसा रोज बजावायची, "पोरं तुमचं तोंड विसरायच्या आत रोह्यात एक गाळा बघा."

त्याच सुमारास, सत्त्याण्णव साली, रोह्याजवळच्या वरशाचे हैबतराव पंचायत समितीला उभे राहिले आणि कोरी करकरीत पांढरी जीप घेऊन टपरीसमोर हजर झाले. आत भला थोरला अँप्लिफायर, कर्णे आणि माईक.

"रघू, आवाज कोलाडपर्यंत गेला पायजे. निवडून आलो की रोह्याच्या स्टँडसमोरचा गाळा तुझा. शब्द हाय हैबतरावाचा!"

झालं! रघू विरघळला. बॅटरीपासून बोटाएवढी जाड लाल वायर त्यानं सीटखालून मागं नेली, बॅटरीपाशीच फ्यूज घातला. हैबतराव ती वायर येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत सुटले. मग रघूनं तेवढीच जाड काळी वायर काढली आणि पॉलिश पेपर हातात घेतला.

"हे काय करतोस?"

"अर्थ देतोय साहेब, अर्थिंग. ही गाडीच्या उघड्या पत्र्याला लावायची. रुपयाएवढा रंग खरवडायला लागंल."

"नव्या गाडीचा? डोकं ठिकाणावर हाय का?"

"पण लाल वायरीनं जेवढं येतं, तेवढं काळीनं माघारी जायला पायजे, तरच आवाज साफ..."

"आमच्याकडं आलेलं माघारी जात नाय!" म्हणत हैबतराव स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसले.

रघूचं मन त्याला खात होतं. अहो, अर्धवट काम त्यानं जन्मात केलं नव्हतं! पण डोळ्यांपुढं गाळा नाचत होता. त्यानं रंगावरच बोल्ट आवळला.

रोह्याच्या बाजारात प्रचाराची शेवटची सभा. जीपमध्ये उभं राहून हैबतराव "बंधू-भगिनींनो" म्हणाले मात्र, कर्ण्यातून "कुंईंईं" असा सूर निघाला. ड्रायव्हर सखानं घाबरून अॅक्सिलरेटर दाबला, तसा सूरही वर चढला. भाषण गेलं चुलीत! सभेला आलेला रघू गर्दीतून धावत येऊन सीटखाली शिरला.

"सख्या, इंजिन बंद कर!"

इंजिन थांबलं, सूर थांबला, बाजार चिडीचूप झाला. हैबतरावांनी घाम पुसायला माईक सीटवर ठेवला होता, तो चालूच. सीटखालून रघूचा कळवळलेला आवाज सगळ्या बाजारानं ऐकला, "अर्थच नाय साहेब! पयल्यापासून सांगतोय, ह्याच्यात काय अर्थ नाय!"

बाजार खो खो हसला. "एक तरी खरं बोलला गो!" सुकी मासळी विकणारी बायजाबाई ओरडली.

हैबतराव लालबुंद झाले. रघू पॉलिश पेपर घेऊन बाहेर आला, "दोन मिन्टं द्या साहेब, रंग खरवडतो. लख्ख ऐकू येईल."

"काय नको! सख्या, चालू कर गाडी, ह्यांचं हसणं दबू दे!"

पुन्हा "कुंईंईं" सुरू झालं. त्या कोलाहलात हैबतरावांनी नळ, रस्ते, दवाखाना, सगळं देऊन टाकलं. लोकांना अक्षर ऐकू आलं नाही. आणि घ्या, हैबतराव निवडून आले! आता जाब तरी कोण विचारणार? काय कबूल केलं तेच कुणाला ठाऊक नव्हतं.

महिन्यानं रघू पेढ्यांची पुडी घेऊन वरशाला गेला.

"साहेब, तो गाळा..."

"गाळा? मी कधी बोललो?"

"पेणला. गाडीजवळ."

हैबतरावांनी पेढा तोंडात टाकला. "मशीनची खरखर होती ना रे. तुला भलतंच ऐकू आलं असंल."

"तेव्हा मशीन बसवलंच नव्हतं साहेब." रघू ओट्यावरून खाली उतरला. हौसाला काय सांगायचं?

अंगणात जीप उभी होती. रघू तिच्याजवळ गेला, दार उघडून खिशातल्या पान्यानं काळ्या वायरीचा बोल्ट सैल केला आणि खिशातलाच पॉलिश पेपर घासायला लागला. पांढरा रंग भुरभुर खाली पडला.

"ए! काय करतोस?" हैबतराव ओट्यावरून ओरडले.

रघूनं चकचकीत पत्र्यावर काळी वायर ठेवली आणि बोल्ट गच्च आवळला.

"राहिलेलं काम पुरं केलं साहेब. आता जे बोलाल, ते सगळ्यांना ऐकू जाईल."