कोजागिरीला बॅगपाईप

“बॅगपाईप कोजागिरीला चालणार नाही,” अंबरीश म्हणाला. “दूध नासतं.”

अंबरीश महाराष्ट्र मंडळाचा सचिव होता, आणि हे त्याने इतक्या गंभीरपणे सांगितलं की मंडळाच्या घटनेत तसं कलम असावं, असं देवदत्त पिंपळापुरेला क्षणभर वाटलं.

“बॅगपाईप एकच ठेवतो,” देवदत्त म्हणाला. “दुसरा अल्बम इंग्रज बायांचा आहे. वाद्यच नाही, नुसते गळे. अगदी नवा आहे.”

“देवदत्तजी, मागच्या महिन्यात तुमच्या अल्बम ऐकण्याच्या कार्यक्रमातून लोक उठून गेले. त्याच्या आधी तर आलेच नव्हते, म्हणजे सुधारणा आहे. पण कार्यकारिणी म्हणून राहिली की आता शेवटचा चान्स. बसले तर तुमचा कार्यक्रम चालू. उठले तर पुढच्या महिन्यापासून तुमच्या वेळेत ‘गुडघ्यांची निगा’.”

“ज्यांचे गुडघे दुखतात ते तरी उठणार नाहीत,” देवदत्त म्हणाला. त्याला मनापासून तसं वाटत होतं.

देवदत्त वीज कंपनीच्या तक्रार कक्षात बसायचा. दिवसभर अर्धं जबलपूर त्याच्या कानात ओरडून सांगायचं की आमच्याकडे अंधार आहे. जणू तो यानेच आपल्या हातांनी केलाय. ऐकण्याचा त्याला सराव होता, फक्त त्याला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं. लहानपणी छावणीतल्या सदर बाजारात लष्करी बँड पाहिला, तेव्हा बाकीची पोरं बंदुका बघत होती आणि हा, बगलेत बकरीसारखी पिशवी दाबून तिच्याकडून गाणं काढणाऱ्या जवानाकडे बघत होता. तिथून जे सुरू झालं ते आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंड करत करत मदन महल भागातल्या त्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिलं. तिकडच्या कुठल्याशा बेटावर कोणी नवा अल्बम काढला की आठवड्याच्या आत तो इथे वाजायचा.

नुसता वाजायचा नाही. देवदत्त त्याचं रसग्रहण करायचा.

“हा थ्री-फेज अल्बम आहे,” तो सांगायचा. “वरून फिडल, मधून बासरी, आणि खालून पाईपचा एकच सूर. आपला तानपुरा असतो ना, तसा. फक्त चिडलेला.”

हे तो भिंतीला सांगायचा, कारण बायको, क्षमा, स्वयंपाकघरात असायची.

“ते बाई अजून रडूनच राहिली का हो?” ती आतून विचारायची.

“तिचा नवरा समुद्रात गेलाय.”

“मग दुसरा करावा. काहून रडते इतकी?”

एवढ्यावर त्यांचा सांगीतिक संवाद संपायचा. देवदत्तला जगाकडून फार नको होतं. एका माणसाने, एकदा, एक गाणं शेवटपर्यंत ऐकावं, बस.

कोजागिरीला मंडळाच्या गच्चीवर सगळे जमले. मंडळाची कोजागिरी जेवणाआधीच उरकते, सदस्यांची वयं पाहता चंद्राचीही त्याला हरकत नसते. ज्वारीच्या धांड्यांच्या मांडवात, पाटावर मातीची भुलाबाई आणि भुलोबा बसवले होते. महिनाभर त्यांच्याभोवती फेर धरून सासर-माहेरची गाणी म्हणायची, आज त्यांचा शेवटचा दिवस, पण गाणी म्हणायला कोणी उरलं नव्हतं. ज्यांना ती येत होती त्या पुष्पाताई मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या.

गच्चीवर प्लग एकच, तोही पाटामागे. स्पीकरची वायर आखूड. त्यामुळे देवदत्तला भुलाबाईच्या शेजारीच मांडी घालावी लागली. देव दोन आणि वीज कंपनी एक, असे तिघं लोकांकडे तोंड करून बसले. विभावरीकाकूंनी येता येता तिघांनाही हळदकुंकू वाहिलं.

देवदत्तने प्रस्तावना केली आणि बॅगपाईप लावला.

“कोणाची म्हैस अडली का रे?” मागून आवाज आला.

एक रांग उठली. मग दुसरी. गुडघेवालेसुद्धा एकमेकांच्या आधाराने उठले. अंबरीशने देवदत्तकडे पाहून खेदाने मान हलवली. खेद खोटा नव्हता, पण हलणारी मान बघून तो तयार करून आणल्यासारखा वाटत होता.

“थांबा, दुसरं लावतो!” देवदत्त घाईने म्हणाला. “ही एक सून आहे. तिला माहेरी जायचंय. मध्ये नदी. नाव सासऱ्याची, वल्हं दिराचं, साखळीची किल्ली नणंदेकडे. सासूसकट ज्याला विचारावं तो म्हणतो, उद्या.”

चपलेत एक पाय घातलेल्या राजश्रीकाकू तशाच थांबल्या. “मग?”

“ऐका ना.”

इंग्रज बाया गाऊ लागल्या. एक ओळ गोष्टीची, एक ओळ नुसत्या अर्थहीन बोलांची. पुन्हा गोष्टीची, पुन्हा तेच बोल. तिसऱ्या फेरीला त्या बोलांवर राजश्रीकाकूंच्या टाळ्या पडल्या. त्यांनी स्वतःच्या हातांकडे दचकून पाहिलं.

“अगं विभावरी, हे तर आपलंच आहे! फक्त सासू गोरी!”

“सासू सगळ्या सारख्याच,” विभावरीकाकू म्हणाल्या आणि पदर खोचला.

मग फेर धरला गेला. देवदत्त, भुलाबाई आणि भुलोबा मध्ये, आणि भोवती मंडळाचा समग्र महिलावर्ग. सासऱ्याने नाव नाकारली तेव्हा “शी!” असा एकमुखी उद्गार निघाला. उठलेले पुरुष जिन्याच्या तोंडाशी थबकले.

दिराची पाळी आली आणि लाईट गेली.

स्पीकर अर्ध्या शब्दावर मेला. फेर जागच्या जागी उभा राहिला, टाळीसाठी उचललेले हात तसेच हवेत.

“आता? सून कुठे अडकली?” राजश्रीकाकूंनी विचारलं. वीज कंपनीने प्लग हलवून पाहिला.

तेवढ्यात फेराच्या पलीकडून गाण्याची पुढची ओळ आली. मराठीत. चाल तीच, वळणं तीच, मधले बोलही जिथल्या तिथे. दिराचं वल्हं, नणंदेची किल्ली, सगळं क्रमाने येऊ लागलं.

क्षमा गात होती.

देवदत्त तिच्याकडे बघतच राहिला. आठवडाभर हे गाणं, त्याने सांगितलेल्या अर्थासकट, स्वयंपाकघराच्या भिंतीवर आपटत होतं. भिंतीपलीकडे ते कोणी झेलत असेल, हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं.

“कोणीच देत नाही नाव,” क्षमाने चालीतच सांगितलं, “मग सून पोहत गेली!”

गच्चीवर असा जल्लोष झाला की खालचा कुत्रा पळाला. पण बायांनी सुनेला इतक्या लवकर पोचू दिलं नाही. विभावरीकाकूंनी तिला नर्मदेच्या ग्वारीघाटावर फुलवालीशी बोलायला लावलं. राजश्रीकाकूंनी बरगी धरणाच्या कोळ्याकडून तिला भाकरी देववली. प्रत्येक कडव्यानंतर क्षमा सगळ्यांना त्या परक्या बोलांवर अचूक आणून सोडत होती. पुरुष परत येऊन खाली बसले. जिथे जागा मिळेल तिथे, गुडघ्यांसकट.

“ते निगा-बिगा पुढच्या वर्षी बघू,” अंबरीश देवदत्तच्या कानाशी म्हणाला. “पुढच्या महिन्याला काय लावून राहिले?”

देवदत्तने त्याला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं.

दिवे आले. स्पीकरमधून इंग्रज बाया त्याच अर्ध्या शब्दापासून पुन्हा गाऊ लागल्या.

देवदत्तने हात मागे नेऊन वायर उपटली आणि प्लग मुठीत धरून तो ऐकत बसला.