शिंपीकाकांची माया आणि मी जास्वंद

मी एक जुनी जास्वंद आहे. शिंपीकाकांच्या दुकानाच्या खिडकीखाली, मातीच्या मोठ्या कुंडीत राहते. मित्रांनो, मी बीतून उगवले नाही. काकांनी पेन्सिलीएवढी एक काडी वाळू मिसळलेल्या मातीत खोचली, तिला मुळे फुटली, तीच मी.

माझ्या गरजा थोड्या. भरपूर ऊन, तळाला भोक असलेली कुंडी आणि माती वरून सुकली की पाणी. काकांनी हे सारे दिले. छाटले मात्र कधीच नाही. दिवसभर कापड कापणारा हा माणूस माझ्यापुढे हळवा होई. “माया ठेवावी लागते,” ते म्हणत. शिंप्याची माया म्हणजे शिवणीच्या आत राखलेले जादा कापड. कपडा घट्ट झाला की तेच उपयोगी पडते. माझ्यावरही ते माया ठेवत गेले.

पण जास्वंदीला कळ्या येतात त्या नव्या फुटव्यांवर. माझ्या जुन्या फांद्या नुसत्याच लांबल्या आणि खिडकी झाकून बसल्या. शेंड्याला एखादे फूल आणि आत शिलाई मशीनवर अंधार.

“आता एक तर ही राहील, नाहीतर माझे डोळे,” मशीनवर शिवणाऱ्या काकू म्हणाल्या.

त्याच आठवड्यात काकूंची धाकटी बहीण आली. तिने टेबलावरची कात्री उचलली आणि मला गुडघ्याएवढी करून टाकली.

“अगं, ती कापडाची कात्री आहे!” काका ओरडले.

“भावोजी, कपड्यातली माया आत दुमडतात. तुमची खिडकीवर लोंबत होती!”

उरल्या नुसत्या काड्या. बरेच दिवस एक पान फुटेना.

“मेली ती. उपटा, मिरची लावू,” काकू म्हणाल्या.

काकांनी मला बुंध्याशी धरले. मग थांबले आणि नखाने साल जराशी खरवडली. आत ओला हिरवा रंग!

“आहे! अगं, जिवंत आहे ही!” काकांचा आवाज चिरकला.

काकूंनी वाकून पाहिले. “बरं झालं बाई,” त्या हळूच म्हणाल्या. मग मोठ्याने, “बसा आता तिच्या बाळंतपणाला!”

पुढे काड्यांवरच्या डोळ्याडोळ्यांतून फुटवे आले आणि फुटव्या-फुटव्यावर कळ्या. माझे फूल जेमतेम दिवसभर टिकते, पण आता रोज नवे असते. काकूही उजेडात एका दमात सुई ओवतात.

मित्रांनो, आम्हाला न घाबरता छाटा. आणि वाळलेले दिसणारे झाड उपटण्याआधी साल खरवडून पाहा. नख लावणे म्हणजे जीव घेणे, असे लोक म्हणतात. माझा जीव मात्र नखानेच वाचवला.